सुपडू नानांनी तपासलेली सुरमई

सुपडू नाना भालेराव यांना आयुष्यात परीक्षेची भीती पहिल्यांदा वाटली ती निवृत्तीनंतर, आणि तीसुद्धा माशामुळे. त्याआधी परीक्षा घेणारे नेहमी तेच असत. देणारे दुसरे.

नाना वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी विभागात होते. त्यांच्या हातात माप तपासायचं, दोन टोकांचं गेज असायचं. एक टोक मालाच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं टोक जाता कामा नये. दोन्ही गेली तर माल नापास, दोन्ही अडली तरी नापास. या एवढ्याशा नियमावर नानांनी सारी नोकरी काढली, आणि निवृत्तीच्या दिवशी गेज जमा करून आले तरी नियम मात्र घरी घेऊन आले. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्यांच्या कॉलनीत नवीन स्कूटर आली की मालक पेढे वाटायच्या आधी नाना चाकापाशी उकिडवे बसलेले दिसत. भाजीवाल्याची हातगाडी त्यांच्या दारापुढून जाताना वेग घेई. एकदा शेजारच्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब हलवून पाहिला आणि तो हलला. नवरदेवाच्या मामाच्या अंगावर कनात आली, पण नानांचा चेहरा समाधानी होता. "म्हटलं नव्हतं?" एवढंच ते बोलले.

माणूस मनाने लाख मोलाचा. कुणाच्या घरी आजारपण असो की बारसं, मदतीला पहिली हजेरी नानांची. पण मदत करता करता ते तपासायचे, आणि तपासलं की निकाल मनात ठेवायची कला त्यांच्याजवळ नव्हती.

या कलेच्या अभावी त्यांच्या मुलाची, प्रशीलची, दोन स्थळं गेली. पहिल्या ठिकाणी नानांनी मुलीच्या घरच्या भिंतीवर बोटाने टकटक करून "प्लास्टर पोकळ आहे" असं जाहीर केलं. दुसऱ्या ठिकाणी चहा पिता पिता कुकरच्या शिट्टीकडे कान देऊन म्हणाले, "रिंग गेली आहे, कधीतरी उडेल." मुलीची आई ताडकन आत गेली, ती बाहेर आलीच नाही. प्रशील मुळातच कमी बोलणारा. बँकेत लागला, दापोलीला बदली मागून घेतली आणि निघून गेला. जाताना आईला एवढंच म्हणाला, "तिकडे समुद्र आहे, आणि नाना नाहीत."

सविताबाईंनी हे वाक्य नवऱ्याला कधी सांगितलं नाही. पण ते त्यांच्या काळजात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं होतं.

आणि मग दापोलीहून बातमी आली. प्रशीलच्याच बँकेत ममता तांबे नावाची मुलगी होती. समाजातली, शिकलेली, हसतमुख. वडील अनंतराव तांबे हर्णै बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मुकादम. दोघांचं जमलं होतं. आता फक्त मुलीकडच्यांनी घर बघायला यायचं होतं.

सविताबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं. "हे बघा, हे तिसरं. पोराचं वय काही आता वाढायचं थांबत नाही. या वेळी तुम्ही काही तपासायचं नाही, काही ठोकायचं नाही, आणि तोंड तर उघडायचंच नाही."

"मी कशाला काही बोलतो?" नाना म्हणाले.

त्याच संध्याकाळी तांब्यांचा फोन आला. सविताबाई गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या. रंगमंच मोकळा, नायक एकटा, समोर फोन. अशा वेळी जे घडतं ते घडलं.

"जय भीम, नाना!" तांब्यांचा आवाज बंदरावर लिलाव पुकारणाऱ्या माणसासारखा दणदणीत होता. "घर नि माणसं चांगलीच असणार ओ, पोरावरून कळतंच. माझा सवाल एकच. आमची पोरगी माशाशिवाय जेवत नाय. तुमच्या त्या जळगावात केळी नि वांगी. तिथं ती खाणार काय?"

आता इथे "येतो की मासा बाजारात" एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण नानांना वाटलं, हा खानदेशाच्या इज्जतीवर हल्ला आहे.

"अहो अनंतराव, काय बोलता!" नाना म्हणाले. "आमचं मूळ गाव धुळ्याजवळ, पांझरेच्या काठावर. मी माशात वाढलोय. आणि समुद्राचा म्हणाल, तर कुठलाही मासा आणा. नुसता बघून नाव सांगतो. जन्मभर तपासणीच केली आहे."

पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज आला.

"असं? मग ठरलं तर. आम्ही यायच्या दिवशी सकाळी पोचतील असे बर्फात घालून दोन मासे पाठवतो तुम्हांला. एक सुरमई, एक कुपा. संध्याकाळी आम्ही आलो की जेवणाआधी तुम्ही फक्त सांगायचं, त्यातली सुरमई कुठली. मग पुढचं बोलू."

फोन ठेवल्यावर नानांच्या लक्षात आलं की सुरमई हा शब्द त्यांनी फक्त हॉटेलच्या पाटीवर वाचला होता, आणि कुपा तर तिथेही नाही.

पुढचे दिवस नानांनी अभ्यासात काढले. मोबाइलवर सुरमईचे फोटो पाहिले, व्हिडिओ पाहिले. पण फोटोत मासा किती मोठा आहे हे काही कळेना. कुठे तो माणसाच्या हातभर, कुठे माणसाएवढा. शेवटी त्यांनी एकच खूण पक्की केली. सुरमईच्या रुपेरी अंगावर वरून खाली उतरणाऱ्या नागमोडी रेघा असतात, आणि कुप्याच्या अंगावर तशा नसतात. बस. रेघा असतील तर सुरमई, नसतील तर कुपा. आत गेलं तर पास, अडलं तर नापास. नाना इतके खूश झाले की चहा पितानासुद्धा हवेत बोटाने नागमोडी रेघा काढत बसायचे.

"प्रशीलला विचारा ना सरळ," सविताबाई म्हणाल्या. त्यांना हे प्रकरण कळलं तेव्हा त्या आधी रडल्या, मग चिडल्या, आणि मग नाइलाजाने त्यात सामील झाल्या. "नाहीतर ममतालाच विचारा."

"पेपर फोडू? मी?" नाना म्हणाले. "सविता, मी तपासणी विभागातला माणूस आहे."

ठरलेला दिवस उजाडला. पाहुण्यांना स्वयंपाक करून घालायला नानांची थोरली बहीण केसरअक्का धुळ्याकडच्या गावाहून आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली होती. केसरअक्का म्हणजे पांझरेच्या माशांचा कर्दनकाळ. तिच्या हातचा काळ्या मसाल्याचा रस्सा खाऊन माणसं नाक पुसत पुसत दुसरी वाटी मागायची. तिने येताना मसाला आणला होता, पाटा-वरवंट्याची चौकशी केली होती, आणि पिशवीतून चुलीची राखसुद्धा आणली होती. "तुमना गॅसवर राख पडत नही ना," ती म्हणाली. त्या राखेचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मासे घेऊन मुंबईहून येणारी लक्झरी बस धुळ्यातच रखडली होती. उन्हं वर आल्यावर थर्माकोलची पेटी नानांच्या हातात पडली. ती त्यांनी स्कूटरवर पायांमध्ये धरून घरी आणली. लगेच उघडली मात्र नाही. तपासणीची शिस्त असते. आधी उजेड, मग स्वच्छ टेबल, मग हत्यारं, मग माल. पेटी मोरीशेजारी ठेवून नाना वर गच्चीवरच्या खोलीत गेले. तिथे मोजायची टेप, भिंग आणि जुना चष्मा शोधण्यात त्यांचा बराच वेळ गेला. चष्मा डोक्यावरच होता.

खाली आले तर मागच्या अंगणातून घासल्याचा आवाज येत होता. खरर्र, खरर्र.

नाना धावले. धुण्याच्या दगडावर दोन मासे आडवे होते. केसरअक्काने पदर खोचला होता, कोपरापर्यंत राख, आणि ती दुसरा मासा दगडावर अशी घासत होती की जणू लग्नाआधी भांड्यांना कल्हई करायची आहे.

"अक्का!" नाना किंचाळले.

"काय व्हयनं रे सुपडू? साप निघना का काय?"

"तू काय करतेस हे?"

"मासा साफ करी ऱ्हायनू. दखत नही का?" अक्का शांतपणे म्हणाली. "आन काय मळेल मासा धाडा रे तुन्हा सोयऱ्यानी! आंगवर काया काया वळ व्हतात. माले वाटनं, गाडीमा मळ लागना. राख लाई न बठ्ठा घशी काढात. आते दख, कशा चांदीना मायक चमकी ऱ्हायनात!"

नाना दगडापाशी मटकन बसले. नदीचा मासा राखेने घासायचा, म्हणजे बुळबुळ जाते आणि खवलं निघतात, हे अक्काला आईने शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. समुद्रातल्या या माशाला घासण्याजोगं खवलंच नसतं, कातडी नाजूक असते, हे पांझरेच्या काठावर कोण कुणाला शिकवणार? खवलं निघत नाही म्हटल्यावर अक्काने जोर वाढवला होता, आणि खवल्यांऐवजी कातडीच निघून आली होती. वर शेपट्या आणि पर कापून झालेले. दोन्ही मासे पांढरेफट्ट, एकसारखे, नागडे.

"ते मळ नव्हतं, अक्का," नाना रडकुंडीला येऊन म्हणाले. "ती त्याची ओळख होती!"

"मंग पेटीवर लिखी ठेवानं व्हतं," अक्का म्हणाली.

"पण वळ होते ते कुठल्याच्या अंगावर? एकाच्या का दोघांच्या?"

अक्काने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. "पयल्याना आंगवर व्हतात. दुसराना आंगवर... दुसरानी बारी यी तवलोंग मन्हा डोयामाच राख गयी."

सविताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन माशांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "एक बोट दाखवायचं काम होतं. तेवढंही तुमच्या घराण्याला जमलं नाही."

"माझं घराणं?" नाना म्हणाले. "पाहुणे आले की अक्कालाच बोलवा असं कोण म्हणालं?"

"भांडत बसता का आता?" सविताबाई म्हणाल्या. "संध्याकाळी गाडी येईल. तुम्ही खोटे पडलात तर मला चालेल, सवय आहे. पण पोरगा पुन्हा एकदा मान खाली घालून गेला ना, तर तो परत या घरी यायचा नाही. एवढं ध्यानात ठेवा."

हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. म्हणून नानांना जास्त लागलं. त्यांनी स्कूटर काढली.

जळगावच्या मच्छीबाजारात मोतीलालचं दुकान नानांच्या ओळखीचं होतं. त्याचा तराजू त्यांनी एकदा तपासला होता, तेव्हापासून दोघांत अबोला होता. आज अबोला बाजूला ठेवून नानांनी सगळी हकिगत सांगितली. मोतीलाल इतका हसला की त्याला बर्फाच्या पेटीवर बसावं लागलं.

"राखेने घासली? सुरमई?" तो डोळे पुसत म्हणाला. "नाना, माझं दुकान चालू झाल्यापासून असं नाही ऐकलं."

"तू रोज विकतोस. तुला ओळखता येत असेल."

"इथे येते ती तुकड्यांत येते. गिऱ्हाईक विचारतं सुरमई आहे का, मी म्हणतो आहे. तुकडा कधी नाही म्हणाला नाही." मोतीलालने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "पण तरुणपणी मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडायला होतो मी. तिथे पुरी सुरमई पाहिलीय. मुंडकं आहे ना शाबूत?"

"मुंडकं आहे. तेवढंच राहिलंय."

"मग तोंड उघडा आणि दात बघा. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी, कडेला न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी धार. कुप्याचे दात बारीक. बोट फिरवलं तर खरखरतं, बाकी काही नाही. आणि कुपा पोटात जाडजूड असतो, शेपटीकडे एकदम बारीक. सुरमई लांब, सडपातळ. पळायला बनवलेली बाई आहे ती."

"पळते कशाला एवढी?"

"पोटासाठी! एकटी नाही पळत, टोळीने. तारलीसारख्या बारक्या माशांचा थवा दिसला की सगळ्या मिळून तुटून पडतात. पाणी उकळल्यासारखं दिसतं म्हणे, खलाशी सांगायचे. आणि टोळीतल्या सगळ्या सुरमया जवळजवळ एका मापाच्या. लहान मोठीबरोबर राहिलीच तर तिच्याच पोटात जायची. जाळ्यात यायच्या तेव्हा एकीकडे बघावं आणि दुसरीला विसरावं, अशा जुळ्या."

नानांचा चेहरा उजळला. इतका वेळ जे सगळं खारं पाणी वाटत होतं त्यात त्यांना अचानक पायाखाली जमीन लागली. "म्हणजे एक लॉट!" ते ओरडले. "एका लॉटचा माल एका मापाचा असतो!"

"तुम्ही काही पण म्हणा," मोतीलाल म्हणाला. "आणि नाना, दात बघताना जरा..."

पण नाना निघून गेले होते. ते वाक्य पुरं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

अंगणात टेबल आलं, पांढरी चादर आली, दोन मासे शेजारी शेजारी निजवले गेले. आधी टेप. तोंडापासून जिथून शेपटी कापली तिथपर्यंत माप घेतलं. दोन्ही सारखे. जाडी घेतली. सारखी. पोटात जाडजूड असं कुणीच नव्हतं, दोघंही लांब आणि सडपातळ. नानांच्या कपाळावर आठी आली.

"आता दात. अक्का, तोंड उघड."

अक्काने जबडा फाकवला. नानांनी अंगठा आत घातला आणि गेज फिरवावं तसा दातांवरून फिरवला.

पुढचा आवाज चार घरं पलीकडे ऐकू गेला. मासा मरून बर्फात कितीतरी वेळ गेला होता, तरी त्याने नानांचा अंगठा असा कापला की चादरीवर लाल ठिपके पडले.

"ही सुरमई!" नाना वेदना आणि आनंद एकाच श्वासात घेत म्हणाले. "पक्की सुरमई. आता दुसरा कुपा. उघड."

"अहो, काडीने बघा ना," सविताबाई म्हणाल्या.

"काडीला काय कळतं? आणि कुप्याचे दात नुसते खरखरीत असतात." नानांनी दुसऱ्या हाताचा अंगठा निर्धास्तपणे दुसऱ्या जबड्यात घातला.

हा आवाज आठ घरं पलीकडे गेला.

सविताबाई दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या बांधताना बडबडत होत्या. "आता सही करायची सोय नाही, ठसा द्यायचीही नाही. निदान कळलं तरी का काही?"

नाना दोन माशांकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "सविता, दोन्ही सुरमई आहेत."

"कसं शक्य आहे? त्यांनी स्वतः सांगितलं, एक सुरमई, एक कुपा."

"सांगितलं. पण माप एक, बांधा एक, दात एक. एका टोळीतल्या दोघी आहेत या."

"तुम्हांला माशातलं काय कळतं? आज दुपारी शिकलात तुम्ही. ते बंदरावर जन्मले." सविताबाईंनी हात जोडले. "माझं ऐका. एकीकडे बोट दाखवा आणि गप्प बसा. बरोबर आलं तर आलं. चुकलं तरी ते हसून सोडून देतील. पण तुम्ही त्यांनाच चूक ठरवलंत, दारात पाय ठेवल्या ठेवल्या, तर संपलं. आठवा जरा. प्लास्टर. कुकर."

नाना आत जाऊन आरशासमोर उभे राहिले. प्लास्टर खरंच पोकळ होतं. रिंग खरंच गेली होती. दोन्ही वेळा ते बरोबर होते, आणि दोन्ही वेळा पोराचं नुकसान झालं होतं. आजही बरोबर असून काय उपयोग? त्यांनी आरशात पाहून नुसतं बोट दाखवून पाहिलं. "ही." मग दुसरीकडे. "ही." दोन्ही वेळा समोरचा माणूस त्यांना अनोळखी वाटला.

संध्याकाळी, दापोलीहून पाहुण्यांबरोबरच निघालेला प्रशील त्यांना स्टेशनवरून घेऊन आला. तांबे दारातून आत आले तेव्हा दार लहान झाल्यासारखं वाटलं. मागून ममता आली. मुलीने यायची पद्धत नाही असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "राहायचं मला आहे, बघायला बाबा एकटेच कशाला?"

जय भीम झाला, पाणी झालं, चहा झाला. नाना खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. पट्टी बांधलेले अंगठे दोन्ही ताठ वर. तांब्यांना वाटलं, खानदेशात पाहुण्यांचं असंच स्वागत करतात. त्यांनीही दोन्ही अंगठे वर करून दाखवले.

"काय ओ नाना, तयारी झाली काय? आणा बघू मासे."

अक्काने परात आणली. तांबे वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"यांचे कपडे कुणी काढले?"

"मी," अक्का अभिमानाने म्हणाली. "लई मळेल व्हतात."

ममता ओढणी तोंडावर धरून मागे वळली. तिचे खांदे हलत होते. प्रशील भिंतीकडे पाहत होता. शाळेत निकालाच्या दिवशी तो असाच भिंतीकडे पाहायचा.

"बरं," तांबे सरळ होत म्हणाले. "रंगरूप गेलं तरी हरकत नाय. सांगा नाना. सुरमई कुठली?"

सविताबाईंनी डोळे मिटून घेतले. नाना उठले. त्यांचा उजवा हात परातीच्या दिशेने निघाला, एका माशावर आला, तिथे घुटमळला. मग तो हात खाली आला.

"अनंतराव," नाना म्हणाले, "तुम्हांला राग येईल. पण यात कुपा नाही. दोन्ही सुरमई आहेत, आणि एकाच टोळीतल्या आहेत. तुमचा प्रश्नच चुकला आहे."

"माझा चुकला?" तांब्यांच्या भुवया वर गेल्या. "माशातलं मला सांगता? हर्णैच्या माणसाला?"

"हो."

"परत बघा हां. नीट बघा. पोराच्या लग्नाचा सवाल आहे."

"परत बघायला अंगठा उरलेला नाही," नाना म्हणाले. ते अजून उभेच होते. "पोराच्या लग्नाचा सवाल आहे म्हणूनच. उद्या तुमची मुलगी या घरात असेल आणि मी तिला तोंडदेखलं काहीतरी सांगेन, हे मला जमायचं नाही. हिला विचारा, मला ते कधीच जमलेलं नाही. पाहिजे तर नापास करा. पण पोराला करू नका, तो माझ्यासारखा नाही. तो गप्प बसतो."

प्रशीलने भिंतीवरून नजर काढली आणि बापाकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत त्याने असं नीट पाहिलं नव्हतं.

तांबे पुढे आले. त्यांनी नानांचा हात धरला, पट्टी पाहिली, दुसरा हात धरला, दुसरी पट्टी पाहिली. "दातांवर अंगठा फिरवलात?"

"फिरवला."

"दोन्हीच्या?"

"एकाने कापल्यावर दुसऱ्याचा भरवसा कसा धरणार?"

तांबे हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग खांदे, मग असा गडगडाट की ताटाळ्यातल्या वाट्या वाजल्या. "अहो नाना! कुपा कुठनं येणार? गंमत केली ओ तुमची! मला वाटलं, हे जळगावकर फोनवर लय बोलतात, आता एकाकडे बोट दाखवून मोकळे होतील, मग जेवताना जरा चिडवू. अहो, व्याह्याच्या घरी पहिल्यांदा मासा पाठवायचा आणि त्यात हलका कुपा टाकायचा? बंदरावर बायका मला उभा राहू देतील काय? सुरमईच पाठवतात आमच्यात. जोडी पाठवतात."

सविताबाईंनी डोळे उघडले. "काय म्हणालात?"

"सुरमईच पाठवतात..."

"त्याच्या आधी."

"कुपा टाकायचा..."

"त्याच्याही आधी."

तांबे आठवू लागले. ममता पुढे आली आणि म्हणाली, "व्याह्याच्या घरी, असं म्हणाले बाबा. मी ऐकलं. आता मागे घेता येणार नाही."

नानांना हे ऐकू आलं, पण तपासणीची सवय जाते थोडीच? "अनंतराव," ते म्हणाले, "परत एकदा म्हणा."

"व्याही!" तांबे बंदरावरच्या आवाजात ओरडले, आणि नानांना मिठी मारली. नानांनी दोन्ही अंगठे वाचवत जमेल तेवढी परत मिठी मारली. प्रशील आईच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. त्याने आईच्या हातातला चहाचा ट्रे काढून घेतला.

मग केसरअक्काचा अंक सुरू झाला. कांदा आणि खोबरं भाजलं, काळा मसाला पाट्यावर वाटला, आणि त्या बिचाऱ्या नागड्या सुरमया असल्या रश्शात बुडाल्या की त्यांना स्वतःचंही नाव आठवलं नसतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. तांब्यांनी पहिला घास घेतला. मग त्यांचे डोळे मोठे झाले. मग नाक लाल झालं. मग कानशिलावरून घाम उतरला.

"पाणी देऊ का?" सविताबाईंनी विचारलं.

तांब्यांनी हातानेच नको म्हटलं. दुसरा घास घेतला, चावला, जिभेवर घोळवला, पुन्हा वाटीत वाकून पाहिलं.

"नाना," ते डोळे पुसत म्हणाले, "मी हर्णैचा. जन्म गेला सुरमई खाण्यात. पण आईशपथ सांगतो, हा मासा मला ओळखता येत नाय."

"मंग?" केसरअक्का वाटीत आणखी रस्सा ओतत म्हणाली. "ओयखाले कोनी सांगं? खाय मुकाट्यानं."

तांब्यांनी मुकाट्याने वाटी पुढे धरली.